द्वारका सर्कल, रात्री पावणेदोन

आधी ऐक, मग बोल.
आमच्या नियमावलीचं पहिलं पान एवढंच सांगतं.
उरलेली दोनशे चाळीस पानं
हे नाही जमलं तर काय, याची आहेत.

तीन गाड्या. टपावर कासवाएवढा अँटेना.
तहसीन कोकणी सारडा सर्कलच्या अंगाला,
मिलिंद काठे गल्लीच्या तोंडाशी,
आणि मी मधोमध, पुलाच्या खांबालगतच्या टेम्पोत,
मांडीवर लॅपटॉप, स्टिअरिंगवर निवृत्ती खैरनार:
तीस वर्षं आग्रा रोड, डावा कान इंजिनाला वाहिलेला.

प्रत्येक गाडी सेकंदाला दहा वेळा सांगते:
मी इथे आहे. एवढ्या वेगात. या दिशेला.
कुणी विचारलेलं नसताना.
"आमची आत्या अशीच," खैरनार म्हणाले.

हवा सगळ्यांत मिळून एकच, म्हणून गाडी आधी कान देते.
कुणी बोलत असेल तर गप्प.
त्याचं संपलं तरी लगेच तोंड उघडायचं नाही,
मनात एक आकडा काढायचा, उलटा मोजायचा.
मध्येच कुणी बोललं तर आकडा तिथेच धरायचा,
कंडक्टरने उरलेले सुटे मुठीत धरावेत तसा,
आणि शांत झालं की तिथूनच पुढे.
अ‍ॅम्ब्युलन्सला लहान आकडे दिलेत.
"सिव्हिलच्या?"
सगळ्याच.
"बरं केलं."

आता तहसीनला मिलिंद ऐकू येत नाही.
मध्ये इमारती, खांब, कुणाचं तरी होर्डिंग.
तिच्या हिशेबी हवा मोकळी, त्याच्याही हिशेबी मोकळी.
दोघं नियमाने वागतात,
आणि मला मधे नुसती खरखर.
तेराशे निरोप निघाले, नऊशे चार पोचले.
बाकीच्यांचं काय झालं ते पाठवणाऱ्याला कळतच नाही.
सगळ्यांसाठी म्हणून जे बोललं जातं
त्याची पावती कुणी देत नाही.

खैरनारांनी विडी काढली, पेटवली नाही.
"कसाऱ्यात आम्ही डिप्पर मारायचो.
समोरचा उलटा मारायचा. तेवढं तरी होतं."

दुसरी रीत आहे, मी म्हटलं. वेळेचे तुकडे पाडायचे,
उपग्रहाच्या घड्याळावर, ज्याचा त्याचा तुकडा.
"म्हणजे रेशनची लाइन."
तशीच.
"नवीन आला तर?"
त्याने एक फेरी नुसतं ऐकायचं, रिकामा तुकडा हेरायचा.
"रिकामा नसलाच तर?"
तर जो सगळ्यात लांब आहे त्याचा वापरायचा,
त्याच्यापर्यंत आवाज जाणार नाही या भरवशावर.

पिंपळगावकडून टोमॅटोच्या गाड्या सुरू झाल्या.
एक गेली. दुसरी गेली.
"आमच्या वाटणीत असंच झालं," ते म्हणाले.
"मी तेव्हा इंदूरच्या पुढं होतो."

मग त्यांनीच फोन लावला.
भाऊ जागा असणार, वडनेरभैरवला रात्रीची लाइट,
द्राक्षाला पाणी. स्पीकरवर, कानामुळे.
"हॅलो, मी..."
"हॅलो, तू..."
दोघं थांबले. सारखेच, अदबीने.
"नाही, तू..."
"तू बोल ना..."
पुन्हा थांबले. मोटरीची घरघर तेवढी येत होती.
खैरनारांनी माझ्याकडे पाहिलं
आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला घेतली.
सात.
सात संपले. "आईचं वर्षश्राद्ध..."
"आईचं वर्षश्राद्ध..."

तोही सातच मोजत होता,
त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

टक्कर झालीच, तर पुढचा आकडा
दुप्पट मोठ्या पिशवीतून काढावा,
असं आमच्या पुस्तकात आहे.
मी सांगणार होते.
हवा मोकळी नव्हती.